टे नदीवर वसंतातला सॅमन: येणाऱ्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी सरत आला की मला ठरलेले फोन येतात. लंडनहून, मँचेस्टरहून, एखाददुसरा थेट पुण्याहून. ‘आम्ही ईस्टरला स्कॉटलंडला येतोय, तुमच्या त्या नदीवर एक दिवस न्याल का?’ नेतो की. पर्थशरमध्ये टे नदीच्या काठी माझा मुक्काम बरीच वर्षं आहे, आणि वसंतात तीन-चार वेळा तरी मी पाहुण्यांना घेऊन सॅमनच्या मागे जातो. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. गाडीत बसण्याआधी वाचा. सगळं नाही जमलं तर पहिला प्रश्न तरी वाचाच.

मासा मिळेल ना?

बहुतेक नाही.

हे आधीच सांगतो, कारण सकाळी अकरा वाजता ‘अजून किती वेळ?’ असं विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. २०२३ साली सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून रॉडवर, म्हणजे गळाच्या काठीवर, ३३,०२३ सॅमन लागले. १९५२ पासून नोंदी ठेवतात, त्यातला तोवरचा हा सगळ्यात कमी आकडा. यात सगळ्या नद्या आल्या आणि पूर्ण हंगाम आला. त्यातले वसंतातले किती, त्यातले टेमधले किती, आणि त्यातले आपण उभे असू त्याच दिवशी आपल्या पायाशी येणारे किती, हा हिशेब तुम्हीच करा. चाळीस वर्षं गळ टाकणारी इथली माणसंसुद्धा मार्चमध्ये आठवडाच्या आठवडा रिकाम्या हातांनी घरी जातात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा हजर होतात.

माझ्याबरोबर आलेल्यांपैकी फार थोड्यांना मासा लागला. त्यातल्या एकाला तर पहिल्या पंधरा मिनिटांत लागला. तो गृहस्थ अजून म्हणतो, ‘सोपं असतं हो.’ त्याचं ऐकू नका.

मग एवढ्या लांब यायचं कशाला?

मी मूळचा कुडाळकडचा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की ओहोळाचं पाणी शेतात शिरायचं आणि त्या उलट्या धारेवर मासे चढायचे. चढणीचे मासे. रात्री बॅटरी घेऊन, गुडघाभर चिखलात, आजोबांच्या मागे जायचो. मासा पाण्याबरोबर वाहून जायचं सोडून पाण्याच्या विरुद्ध का येतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही.

सॅमनची चढण ही त्याच गोष्टीची फार मोठी आवृत्ती आहे. नदीच्या वरच्या अंगाला, गोट्यांच्या फटीत अंडं फुटतं. पिल्लू दोन-तीन वर्षं तिथेच वाढतं. मग एखाद्या वसंतात ते चांदीसारखं होतं, जेमतेम वीतभर लांबीचं असतं, आणि समुद्राकडे निघतं. फेरो बेटं, ग्रीनलंड अशा बाजूला जाऊन एक, दोन, कधी तीन हिवाळे खातं-पितं आणि परत येतं. परत म्हणजे जन्मलेल्या नदीतच. शेवटच्या टप्प्यात ती नदी तो वासावरून ओळखतो.

यातला वसंतात येणारा मासा मला सगळ्यात वेडा वाटतो. अंडी घालायची असतात ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमाराला. हा पठ्ठ्या फेब्रुवारी-मार्चमध्येच नदीत शिरतो. आणि गोड्या पाण्यात शिरला की खाणं बंद. आठ-नऊ महिने निराहार. आपण साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास म्हणतो, हा समुद्रातल्या चरबीवर पुढचा सगळा उन्हाळा काढतो. असा मासा एकदा तरी बघायचा असेल, निदान तो आत्ता पायाखालून जात असेल या कल्पनेवर थंड पाण्यात दिवसभर उभं राहायची तयारी असेल, तर या.

सॅमन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. रावसाला मासळीबाजारात आणि हॉटेलांच्या मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, तिथून हा घोळ झाला. रावस समुद्रातला आणि खाडीतला, गालापाशी लांब तंतू असलेला मासा. त्याचा आणि सॅमनचा काही संबंध नाही. रावसाचं मांस पांढरट. सॅमनचं नारिंगी, तेही समुद्रात खाल्लेल्या कोळंबीसारख्या जिवांमुळे. आपल्याकडचा नातलग शोधायचाच तर स्वभावाने पाला जवळचा, म्हणजे बंगाल्यांचा इलिश. तोही समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो. पण तेही स्वभावाचं नातं, रक्ताचं नाही.

वसंत म्हणजे नेमकं कधी यायचं?

टेचा हंगाम १५ जानेवारीला उघडतो आणि १५ ऑक्टोबरला मिटतो. इथल्या दुसऱ्या नद्यांपैकी डी आणि ट्वीड १ फेब्रुवारीला उघडतात, स्पे ११ फेब्रुवारीला. जानेवारी ते मे या काळात समुद्रातून येणाऱ्या माशाला ‘स्प्रिंगर’ म्हणतात. पाहुण्यांना मी एप्रिलचा मध्य सांगतो. दिवस मोठा झालेला असतो, बोटं जरा हलतात, आणि वरच्या पट्ट्यांवरही मासे पोचलेले असतात.

यामागे कारण आहे. पाणी पाच-साडेपाच अंशांच्या खाली असेल तर सॅमन धबधबा किंवा बांध चढायला तयार होत नाही. टेवर स्टॅनलीजवळ कँपसी लिन नावाची खडकाळ उडी आहे. कडक हिवाळ्यानंतर मासे तिच्या खालीच थांबून राहतात. त्यामुळे फेब्रुवारीत खालचे पट्टे चांगले, एप्रिल-मेमध्ये वरचे. एप्रिलमध्ये बर्फ पडणार नाही अशी खात्री मात्र कुणी देत नाही.

रविवारी येऊ नका. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनला गळ टाकणं कायद्याने बंद आहे. लंडनची मंडळी शनिवार-रविवार जोडून तिकीट काढतात आणि मग माझ्यावर रुसतात.

टेच का? स्पेचं नाव जास्त ऐकलंय.

नाव ऐकलंय ते फेकण्याच्या पद्धतीमुळे. ‘स्पे कास्ट’ त्या नदीवरून आलं. टे माझ्या घराजवळ आहे हे पहिलं कारण. शिवाय ही स्कॉटलंडची सर्वांत लांब नदी, साधारण १९० किलोमीटर, आणि वाहत्या पाण्याच्या हिशेबात तर सगळ्या ब्रिटनमध्ये हिच्यापुढे कुणी नाही. पात्र रुंद, म्हणून होडी चालते. होडी चालते म्हणून ज्यांना पाण्यात उभं राहायचं नाही त्यांचीही सोय होते. डीवर वसंत जास्त नामांकित आहे आणि खिशालाही त्याच मानाने जाणवतो.

लायसन्स लागतं का?

इंग्लंडमध्ये लागतं, स्कॉटलंडमध्ये सरकारी रॉड लायसन्स नाही. पण म्हणून वाटेल तिथे गळ टाकता येत नाही. सॅमन धरायचा हक्क ही इथे मालमत्ता आहे, काठच्या जमिनीपासून वेगळी विकता-विकत घेता येणारी. जमीन एकाची, पाण्यातल्या सॅमनचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. त्या मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. आपण जो दिवसाचा पास काढतो तोच ही परवानगी. तुमच्या नावाचा पास मीच काढतो. पासपोर्टवर असतं तसं नाव आधी कळवा.

‘बीट’ आणि ‘गिली’ ही काय भानगड?

नदीचे वाटून दिलेले पट्टे म्हणजे बीट. आपल्याकडे वनरक्षकाचं बीट असतं तसंच. एका बीटावर दिवसाला ठरावीकच रॉड, म्हणजे ठरावीकच माणसं. गर्दी नसते. समोरच्या काठावर दुसरं बीट असेल तर तिथला माणूस टोपीला हात लावतो, बास.

गिली म्हणजे त्या पट्ट्याचा माणूस. गेलिक भाषेत ‘गिला’ म्हणजे पोरगा, नोकर. आपला ‘गडी’ शब्द जसा घडला तसाच. पण गडी म्हणून त्याच्याशी वागलात तर दिवस फुकट गेला समजा. नदीत कोणता दगड कुठे आहे, पाणी चार बोटं वर आलं की मासा कुठे सरकतो, हे त्याला ठाऊक असतं. तो म्हणाला ‘तिथे नको, इथे’, तर तिथे नको. मला स्वतःला हे कळायला दोन हंगाम लागले. इंजिनिअर असल्यामुळे मी पाण्याचा प्रवाह त्याला समजावून सांगत होतो. तो शांतपणे पाइप ओढत होता.

एक जुनी गंमत. ईशान्य किनाऱ्यावरचे दर्यावर्दी कोळी होडीवर ‘सॅमन’ हा शब्द उच्चारत नसत, अपशकुन. ‘तांबडा मासा’ म्हणायचे. आपण रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतो, तसंच ते. आमचा गिली असलं काही मानत नाही असं म्हणतो, पण सकाळी ‘आज नक्की लागणार’ असं कुणी बोललं की त्याचा चेहरा उतरतो.

दिवस कसा जातो?

नऊला झोपडीवर. ‘हट’ म्हणतात, पण आत चूल असते, टेबल असतं, भिंतीवर जुने फोटो, आणि ओल्या लोकरीचा एक वास, जो मला आता आवडतो. गिली पाण्याची पट्टी वाचून आलेला असतो: पातळी किती, तापमान किती, पाणी गढूळ की चहासारखं. कोऱ्या चहासारखं तांबूस-काळं पाणी ही इथली रीत, डोंगरातल्या पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीमुळे. ते घाण नव्हे.

मग फ्लाय निवडतात. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि चमकीची बनावट माशी. माश्याला माशी, असा विनोद प्रत्येक मराठी पाहुणा एकदा करतोच, तो आधीच करून टाकतो. थंड पाण्यात ती मोठी, जड आणि भडक: पितळी नळीवर बांधलेली, काळी-पिवळी-नारिंगी, दोन इंच किंवा त्याहून लांब. ‘विली गन’ हे इथलं सगळ्यात भरवशाचं नाव. पाणी तापत जातं तशी फ्लाय लहान होते आणि दोरी पृष्ठभागाकडे येते. साधारण दहा अंश ही सीमा मानतात. एप्रिलच्या सकाळी पाणी सहा-सात अंश असलं की बुडणारी दोरी, खोल आणि सावकाश.

रॉड तेरा ते पंधरा फुटी, दोन हातांनी धरायचा. प्रवाहाच्या दिशेला तिरकी फेक, फ्लाय कमानीसारखी वळत आपल्या काठाकडे येते, सरळ झाली की जरा थांबायचं, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेक. डोहाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत असंच. एक डोह पुरा व्हायला तास-दीड तास. हे लिहिताना कंटाळवाणं वाटतं. करताना तिसऱ्या तासाला असं होतं की डोक्यात चाललेली ऑफिसची बडबड बंद पडते आणि फक्त दोरीवरची पाण्याची ओढ बोटाला कळत राहते. काहींचं मात्र उलट होतं. एक पाहुणे दोन तासांत चार वेळा फोन घ्यायला काठावर आले. चौथ्या वेळेला फोन नदीने घेतला.

एकला जेवण, दोनला पुन्हा पाण्यात, पाचला आवराआवर. काठावर कुरतडलेले, पेन्सिलीसारखी टोकं केलेले बुंधे दिसतील. ते बीव्हर नावाच्या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याचं काम. टेच्या खोऱ्यात ते पुष्कळ झाले आहेत आणि २०१९ पासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. मार्च संपता संपता ऑस्प्रे, म्हणजे आपली मोरघार, आफ्रिकेहून परतते. तिला मासा मिळतो. आपल्यासमोर मिळाला की फार लागतं.

मी आयुष्यात गळ धरला नाही. जमेल?

फेक जमेल. तासाभरात वीस यार्ड जाते आणि मासे तेवढ्यातही असतात. ताकद लावू नका, ताकद लावणाऱ्याची दोरी कानावर येते. क्रिकेट खेळलेले लोक जास्त त्रास देतात, कारण त्यांना फटका मारायचा असतो. स्पे फेकीत दोरी मागे झाडांत न नेता पाण्यावरच एक वेटोळं करून पुढे सोडतात. गिली ‘वन… टू’ म्हणत राहील, त्या तालावर राहा.

ज्यांनी गावाकडे गरवलं आहे त्यांना दुसरीच अडचण येते. आपल्याला सवय असते: चिमटा लागला की दिला झटका. इथे झटका दिला की गेला. सॅमन फ्लाय तोंडात धरतो आणि वळतो. त्याला वळू द्यायचं, रीळ फिरू द्यायचं, दोरी घट्ट झाली की मगच रॉड सावकाश उचलायचा. सांगायला सोपं आहे. शेंगटी गरवण्यात माझं लहानपण गेलं, त्यामुळे माझे पहिले तीन मासे मी याच झटक्याने घालवले.

मासा काही खात नाही म्हणता, मग फ्लाय का धरतो?

चांगला प्रश्न. राग येतो म्हणून, समुद्रातल्या खाण्याची आठवण म्हणून, किंवा नुसतं कुतूहल. माश्याला हात नसतात, एखादी गोष्ट काय आहे हे बघायला तोंडच वापरावं लागतं. काठावर बसून यावर रात्रभर वाद घालता येतो, आणि घालतात.

चांदीसारखा मासा लागला, तरी गिली म्हणाला ‘केल्ट’. म्हणजे काय?

म्हणजे गेल्या हिवाळ्यात अंडी घालून झालेला, आता समुद्राकडे परत चाललेला मासा. वसंतात ताजे मासे वर जात असतात तेव्हाच हे खाली येत असतात. केल्टही चमकतो, म्हणून नवखा फसतो. पण तो डोक्याला मोठा आणि अंगाने लांबोडका असतो, पोट आत गेलेलं, शेपटीच्या कडा झिजलेल्या, कल्ल्यांत पुष्कळदा पांढुरके जंतू. ताजा स्प्रिंगर खांद्याला जाड, पाठ निळसर-काळी, आणि शेपटीजवळ कधी समुद्रातल्या उवा चिकटलेल्या. गोड्या पाण्यात त्या दोनएक दिवसांत गळून पडतात. उवा दिसल्या म्हणजे मासा परवापर्यंत समुद्रात होता. त्या वेळी गिलीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

केल्ट लागला तर हिरमुसू नका. अंडी घालून झाल्यावर बहुतेक सॅमन मरतात, हा वाचलाय. त्याला लवकर सोडा.

लागलेला मासा घरी नेता येईल का? आईने मसाला दिलाय.

मसाला मला द्या. मासा नेता येणार नाही. ३१ मार्चपर्यंत प्रत्येक सॅमन सोडणं स्कॉटलंडभर कायद्याने सक्तीचं आहे. १ एप्रिलपासून पुढे काय चालेल ते नदीच्या सरकारी प्रतवारीवर आणि बीटाच्या नियमांवर ठरतं. आम्ही जातो त्या पट्ट्यावर वसंतातला प्रत्येक मासा पाण्यात परत जातो, आणि माझ्या पाहुण्यांपुरता तरी माझाही नियम तोच.

विकत घेऊ म्हणाल तर तेही नाही. रॉडवर धरलेला सॅमन विकायला इथे बंदी आहे. दुकानात, विमानतळावर, मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात जो ‘स्कॉटिश सॅमन’ मिळतो तो पश्चिम किनाऱ्यावरच्या आणि बेटांच्या पिंजऱ्यांत वाढवलेला. चव चांगली असते. संध्याकाळी आमच्याकडे तोच असतो, आईच्या मसाल्यात. त्या पिंजऱ्यांतल्या उवांचा त्रास बाहेरच्या जंगली माशांना होतो हे मला माहीत आहे, आणि तरी मी तो घेतो. यावर माझ्याकडे सारवासारव करणारं उत्तर नाही.

सोडायचाच, तर पकडायचा कशाला? हा त्या जिवाशी खेळ नाही का?

हा प्रश्न माझ्या बहिणीने पहिल्यांदा विचारला. ती माळकरी आहे. देहूला इंद्रायणीतल्या माशांना कुरमुरे टाकणाऱ्या माणसाला हे पटवणं अवघड, आणि मी पटवत नाही. खेळच आहे. माश्याला तो खेळ वाटत नाही.

दुसरी बाजू सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, आययूसीएनने, ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. कारणं पुष्कळ: तापत चाललेला समुद्र आणि नद्या, वाटेतले बांध, काठावरची गेलेली झाडं, पिंजऱ्यांतल्या उवा. या नदीवर राखण करणारी, काठाला सावलीसाठी झाडं लावणारी, अडलेले ओढे मोकळे करणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या पगाराचा मोठा भाग गळ टाकणाऱ्यांकडून येतो. गळवाले उठून गेले तर नदीकडे रोज बघणारं कुणी उरणार नाही. हे खरं आहे. आणि थंड पाण्यात, नीट हाताळलेला मासा बहुधा जगतो, हेही खरं. बहुधा म्हणतोय, नेहमी नाही.

म्हणून आमचे नियम कडक आहेत. एकच हुक, काटा दाबून सपाट केलेला. गांडूळ नाही, कोळंबी नाही. मासा दमवून दमवून ओढायचा नाही, जोर लावून लवकर जवळ आणायचा. गाठी नसलेलं जाळं. मासा पाण्यातच राहील, फोटो पाण्यातच. हात ओले करून मगच स्पर्श. कल्ल्यांत बोट घालायचं नाही, शेपटीने लटकवायचं नाही, छातीशी धरून इन्स्टाग्रामसाठी उभं राहायचं तर अजिबात नाही. तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, आपणहून हातातून निसटेपर्यंत. मिनिटभर लागतं, कधी पाच. उन्हाळ्यात पाणी वीस अंशांकडे गेलं की मी रॉड बाहेरच काढत नाही.

बहीण आली होती. दिवसभर काठावर नामस्मरण करत बसली. मासा लागला नाही याचा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला.

पोहता येत नाही. पाण्यात उतरू का?

उतरा, पण लाइफ जॅकेट घालून, पट्टा आवळून, हातात काठी घेऊन, आणि गिलीच्या हाताच्या अंतरावर. टे बाहेरून संथ दिसते. मांडीपर्यंत पाणी आलं की ती किती जोरात चालली आहे ते कळतं. गोटे शेवाळलेले असतात. पाय उचलून टाकू नका, घासत सरकवा. आणि प्रवाहाबरोबर खाली गेलात तर परत यायला प्रवाहाविरुद्ध चालावं लागणार हे आधी लक्षात घ्या. भीती वाटली तर होडी आहे.

आईबाबा सत्तरीचे आहेत, मुलं लहान आहेत. त्यांना आणू?

आईबाबांना जरूर. टेवर ‘हार्लिंग’ नावाची जुनी पद्धत आहे: सपाट तळाच्या होडीच्या मागे दोन-तीन रॉड लावायचे आणि गिली ती होडी या काठावरून त्या काठावर नागमोडी नेत सावकाश खाली सोडतो. माणसाने ब्लँकेट पांघरून बसायचं. नावाजलेले मच्छीमार नाकं मुरडतात, ‘सगळं गिलीच करतो’ म्हणून. सत्तरीच्या माणसाने त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

दहा वर्षांखालच्या मुलांना दोन तास पुरे. नंतर त्यांना पिटलॉक्रीला न्या. टमेल नदीवरच्या धरणाला माशांसाठी ३४ टप्प्यांची शिडी आहे, विसाव्या शतकाच्या मध्यावर धरणाबरोबरच बांधलेली. एप्रिलपासून पुढे तिथे मासा चढताना दिसण्याची शक्यता आपल्या गळापेक्षा कितीतरी बरी, हे मी अनिच्छेने लिहितोय.

बायकांना हे झेपतं का?

हा प्रश्न नेहमी पुरुष विचारतात. ब्रिटनमध्ये रॉडवर धरलेला सगळ्यात मोठा सॅमन ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी याच टे नदीवर, ग्लेनडेल्वाइनच्या पट्ट्यात, जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी तो धरला. वडील होडीवर होते, झुंज दोन तासांवर चालली. शंभर वर्षं उलटून गेली, तो विक्रम तसाच आहे. फ्लायवरचा विक्रम, ६१ पौंड, १९२४ साली डेव्हरॉन नदीवर मॉरिसन बाईंनी केला. वसंतातला सगळ्यात मोठा मासा, साडेएकोणसाठ पौंड, मार्च १९२३ मध्ये वाय नदीवर डोरीन डेव्ही यांचा. झेपतं.

आपल्याला लागलाच तर आठ ते बारा पौंडांचा लागेल.

कपडे काय आणायचे?

लोकर. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड ओलं झालं की तुमची ऊब शोषून घेतं. दोन जोड लोकरी मोजे, कानटोपी, बोटं उघडी राहणारे हातमोजे. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची छातीपर्यंतची जलरोधक विजार, आणि बूट मी देतो, पायाचा नंबर कळवा. चष्मा सक्तीचा, साधा गॉगलही चालेल. वाऱ्याने वळलेली पितळी फ्लाय डोळ्याकडे येते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. माझ्या टोपीला तीन भोकं आहेत.

जेवणाचं काय? आणि ती व्हिस्कीची पद्धत खरी आहे का?

जेवण माझ्याकडे. थालीपीठं, लसणाची चटणी, थर्मासमध्ये कुळथाचं पिठलं. ते थंडीत किती चालतं हे आल्यावर कळेल. गिलीला पहिल्या वर्षी मी बिचकत विचारलं होतं. आता तो स्वतःच डबा उघडतो.

व्हिस्कीची पद्धत खरी आहे. १५ जानेवारीला केनमोर गावातून बॅगपाइप वाजवत मिरवणूक नदीवर येते आणि होडीच्या नाळेवर व्हिस्की ओतून हंगाम उघडतात. नारळी पौर्णिमेला आपले कोळी दर्याला नारळ देतात, तेच हे. मला पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा गहिवरून आलं, पुढच्याच मिनिटाला गारठून. आपल्या दिवशी व्हिस्की मासा लागल्यावर एक घोट. पाण्यात उतरण्याआधी नाही.

गिलीला काही द्यायचं असतं का?

हो, दिवस संपल्यावर, हातात, न मोजता दिल्यासारखं. आम्ही दर रॉडमागे २० ते ३० पौंड देतो. मासा लागला नाही म्हणून कमी करू नका. त्या दिवशी त्याने जास्त काम केलेलं असतं.

माझं स्वतःचं सामान आणू का?

आणा, पण कोरडं. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही, विशेषतः नॉर्वेहून येणाऱ्यांसाठी. तिथे जायरोडॅक्टिलस नावाच्या सूक्ष्म परजीवीने कित्येक नद्यांमधले सॅमन जवळजवळ संपवले. ब्रिटनमध्ये तो अजून आलेला नाही, आणि यायचा झाला तर ओल्या वेडरमधून किंवा ओल्या जाळ्यातून येऊ शकतो. म्हणून दुसऱ्या नदीवर वापरलेलं सगळं आधी जंतुनाशकाने धुवायचं आणि पुरतं वाळवायचं. बुटाच्या तळव्याची नमदा, म्हणजे फेल्ट, लवकर वाळत नाही, तेव्हा तसले बूट आणूच नका. शंका असेल तर सगळं घरी ठेवा. माझ्या गॅरेजमध्ये सहा जणांचे वेडर उलटे टांगलेले आहेत, नऊ ते बारा नंबरपर्यंत. पुण्याच्या मंडळींनी आपला नंबर इंग्लंडच्या मापात कळवावा.